भिंतीतली रुई

मानोऱ्याहून मुंबईत आले, तेव्हा पहिला मुक्काम वरळीच्या बीडीडी चाळीत. मामींच्या वडिलांची खोली होती ती, 160 चौरस फुटांची. आबाजी एकदाच आले, दारातच थबकले. ''एवढुशा खोलीत राह्यतं तू? आपली बैलंसुदिक ऐसपैस बांधतो आपन!''

मला मात्र चाळ जाम आवडली होती. मधोमध लांबलचक अंधारा पॅसेज, दोन्हीकडे दहा-दहा खोल्या, तळमजला धरून चार मजले. जनरल नॉलेजमध्ये भर : बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. गिरणगावात घरांची बोंब होती, म्हणून गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, 1920 मध्ये, हे खातं निघालं. बाता 50 हजार खोल्यांच्या. झाल्या जेमतेम 16 हजार. वरळी, नायगाव, शिवडी, डिलाईल रोड मिळून 207 इमारती. सगळं आरसीसी. सुरुवातीला तर खिडक्यांना चक्क काँक्रीटच्या जाळ्या! सुरुवातीची कितीतरी वर्षं खोल्या रिकाम्या पडून होत्या. 1930 च्या सत्याग्रहात सरकारने इथे कैदीच ठेवले. घर आणि तुरुंग, एकाच नकाशात. भन्नाट ना?

पैसा कुठून आला, ते वाचलं आणि ताडकन उठून घरी फोन लावला. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया टाऊन ड्युटी! आमच्या वऱ्हाडातला कापूस तर मुंबईलाच जायचा.

आबाजींनी लगेच हिशेब मांडला. आजची गाठ 170 किलो रुईची. तिला पाच क्विंटल कापूस लागतो. ''म्हंजे त्या भितीत आपलीबी रुई हाय म्हन! मंग आपल्याले खोली काहून नाही भेटली वं?''

आता त्या भिंती पडतायत. 2025 च्या ऑगस्टमध्ये वरळीत पहिल्या 556 घरांच्या किल्ल्या दिल्या, त्यात मामींचं घर आहे. 500 चौरस फूट, चाळीस मजली टॉवर. पेढे खाता खाता मी सुरू झाले : हेरिटेज, कॉमन पॅसेज, ती आपुलकी वगैरे.

मामींनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, ''तू चार महिने राहिलीस गं. मी सव्वीस वर्षं रात्री-अपरात्री बादली घेऊन पॅसेजच्या टोकाला गेले. बाळंतपणानंतरसुद्धा. ये, तुला बाथरूम दाखवते.''

दाखवलं. टाइल्स, गीझर, आणि आतून लागणारी कडी. ती कडी त्यांनी दोनदा लावून दाखवली.

मी गप्प. पॅसेजचे माझ्याकडे ढीगभर फोटो आहेत. त्यांतल्या एकातही बादली नाही.

रात्री आबाजींना सगळं सांगितलं. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ''चांगलं झालं. शंभर वर्सांनी का होईना, रुपया वसूल झाला.''