साडेसत्त्याण्णव



तंबाखूच्या वखारी, जुनं स्टँड, बाजारचा दिवस यावर इथे पुष्कळ लिहून झालंय. मी आज फिजिक्सच्या वर्गाबद्दल लिहितोय. बी.कॉम. झालेला बँकवाला, ह्याचा फिजिक्सशी काय संबंध, असं माझे जुने सहकारी विचारतील. संबंध एकाच वर्षाचा, 1968-69 चा. आणि त्याबद्दल मी घरात आजवर अर्धंच सांगितलंय.

निमित्त असं झालं. माझ्या धाकट्या भावाची नात मराठी शाळेतून दहावी होऊन यंदा पीयूसी सायन्सला गेली. पहिल्याच आठवड्यात फिजिक्सच्या मॅडमनी वर्गात एक छापील कागद वाटला, विद्यार्थ्यांकडून काय काय अपेक्षा आहे त्याचा. सगळा इंग्रजीत. ती तो घेऊन माझ्याकडे आली. "आजोबा, हे नीट वाचून सांगा की. नाहीतर मी पण तुमच्यासारखं कॉमर्सला जाते."

वाचला. निरीक्षणाची वही रोज आणायची. रीडिंग पेनानेच लिहायचं, खोडरबर चालणार नाही, चुकलं तर एक आडवी रेघ मारून शेजारी लिहायचं. युनिट नसेल तर उत्तराला मार्क नाहीत. समजलं नाही तर त्याच आठवड्यात येऊन विचारायचं. मी चष्मा काढून ठेवला. पन्नासवर वर्षं झाली, पण मजकूर तोच!

आमची निपाणीची शाळा चांगली होती, हे आधी सांगतो. पण प्रयोग म्हणजे गुरुजींनी करायचा आणि आम्ही बाकावर उभं राहून बघायचा. परातीत पाणी, मध्ये मेणबत्ती, वर काचेचा पेला. मेणबत्ती विझली, पाणी चढलं, टाळ्या. हेतू, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान हे फळ्यावरून उतरवायचं, आणि गंमत म्हणजे निरीक्षण प्रयोगाच्या आधीच लिहून झालेलं असायचं. वडील वखारीत काट्यावर होते. मेट्रिक मापं येऊन काही वर्षं झाली तरी घरात बोलणं शेर आणि मणाचंच. काटा थांबल्याशिवाय आकडा बोलायचा नाही, एवढं मात्र त्यांनी शिकवलं होतं. वजन-माप म्हणजे आपल्या घरचंच काम, असा माझा समज.

दहावीनंतर निपाणीच्या पोरांपुढे दोन वाटा. एक देवचंद कॉलेज, 1960 साली निघालेलं. म्हणायला निपाणीचं, पण उभं अर्जुननगरला, कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. दुसरी वाट बेळगाव, म्हणजे तेव्हाचं म्हैसूर राज्य आणि धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ. माझे मामा शहापुरात राहायचे, म्हणून बेळगाव ठरलं. तेव्हा पीयूसी एकाच वर्षाचं. महाजन आयोगाचा अहवाल आदल्या वर्षीच आलेला, त्यामुळे मामांच्या ओट्यावर रोज रात्री तोच विषय.

फिजिक्सचे सर धारवाडकडचे, मातृभाषा कन्नड. मराठी बोलायचे, पण हेल वेगळा. पहिल्या तासाला त्यांनी अपेक्षा सांगितल्या त्या वर लिहिल्या तशाच. शिवाय, पाण्याची पातळी वाकलेली असते ती खालच्या टोकाला वाचायची, पाऱ्याची वरच्या टोकाला, आणि डोळा त्याच उंचीवर आणायचा. व्हर्निअर हातात घेतलं की आधी जबडे मिटून शून्य जुळतं का बघायचं, नसेल जुळत तर ती चूक लिहून ठेवायची. तीन वेळा मोजायचं. हे सगळं इंग्रजीत. मला त्यातलं निम्मं कळलं, तेही शेजाऱ्याच्या वहीत बघून.

मला विषय येत नव्हता असं नाही. घनता मला पक्की येत होती, पण डेन्सिटी म्हणजे घनता हे कळायला तीन आठवडे गेले. सर 'मास' म्हणायचे आणि माझ्या डोक्यात महिना यायचा. वस्तुमान म्हटलं असतं तर उभा राहून उत्तर दिलं असतं. त्वरण, तरफ, लंबक सगळे ओळखीचे, फक्त कपडे बदलून आलेले.

दिवाळीच्या आधी उकळबिंदूचा प्रयोग होता. उंच तांब्याच्या भांड्यात पाणी उकळायचं, वाफेत थर्मामीटर धरायचं, पारा थांबला की वाचायचं. माझा पारा साडेसत्त्याण्णवला थांबला. पाच मिनिटं बघितलं, हलेना. पुस्तकात 100. शेजारच्या दोघांनी 100 लिहिलेलं. आपलं काहीतरी चुकलं म्हणून मी वहीच्या मागच्या पानावर बारीक 97.5 लिहिलं आणि पुढच्या पानावर ठसठशीत 100.

सरांनी वह्या बघितल्या आणि मला उभं केलं. "थर्मामीटर बघून लिहिलास की पुस्तक बघून?" मी गप्प. त्यांनी माझ्या वहीचं मागचं पान उलटून वर्गाला दाखवलं. "ह्या एकट्याचं बरोबर होतं, आणि ह्यानंच खोडलं. बेळगाव काय समुद्राकाठी आहे काय?" मग भिंतीवरच्या बॅरोमीटरकडे नेलं. समुद्राकाठी पारा 76 सेंटिमीटर चढतो, आपल्याकडे साडेएकोणसत्तरच्या आसपास. गाव अडीच हजार फुटांवर, हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. त्यांनी हे पुन्हा एकदा मराठीत सांगितलं, फक्त माझ्यासाठी. आणि तास संपल्यावर म्हणाले, "शनिवारी दुपारी ये. मराठीत सांगतो. तुझे ते घनता-बिनता शब्द मला पण शिकव."

दोन शनिवार गेलो. व्हर्निअरचा हिशोब पहिल्याच दिवशी सुटला: दहा घरं नऊ मिलिमीटरमध्ये बसवलेली, म्हणून एका घराचा फरक मिलिमीटरचा दहावा भाग. एवढं सोपं होतं ते! तिसऱ्या शनिवारी फाटकात वर्गातली दोन-तीन पोरं उभी होती, कॉन्व्हेंटची. एकानं विचारलं, "काय रे, मराठी ट्यूशनला काय?" बाकीचे हसले. मी म्हणालो, "छे, पुस्तक परत करायला आलोय," आणि तसाच मागे फिरलो. पुन्हा गेलो नाही. सरांनी वर्गात एकदा विचारलं, मी ताप आला होता म्हणून सांगितलं.

मार्चमध्ये फिजिक्सला नापास.

आता जे घरी सांगितलं नाही ते. वडिलांनी विचारलं, का रे? मी म्हणालो, "सर कन्नड. मराठी पोरांना मुद्दाम मागे टाकतात." एका वाक्यात काम झालं. वडिलांनी ते वखारीत सांगितलं, मामांनी ओट्यावर. त्या वर्षी ह्या वाक्यावर शंका घेणारा आमच्याकडे कोण मिळणार? भाषेचा अन्याय आमच्या भागात खोटा नाही, मराठी माणसाला सरकारी कागद वाचता येत नाही हे मी बँकेच्या काउंटरवर पुढे रोज बघितलं. पण माझ्या नापासाचं कारण ते नव्हतं. आणि हे वाक्य मी पुढे लग्नात, बैठकीत, मित्रांत किती वेळा बोललो असेन, मोजदाद नाही.

पुढच्या वर्षी कोल्हापूरला कॉमर्स. मग बँक. तिथे संध्याकाळी कॅश मोजताना तीन रुपये जास्त आले की नवा क्लार्क खिशात घालून ताळा जमवायला बघायचा, आणि मी त्याला म्हणायचो, जास्त आले तर जास्त लिही. शाखेत माझा त्यासाठी लौकिक होता. सर तोवर कुठे बदलून गेले कळलं नाही, मीही शोधलं नाही.

नातीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे एवढ्यासाठी? फाटकात कोण हसलं म्हणून?" मी हो म्हटलं. तिनं कागदावरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, समजलं नाही तर विचारायचं ती. "मॅडम कन्नडच आहेत आमच्या पण," म्हणाली. कॉमर्सचा विचार अजून सोडलेला नाही तिनं, बदलून घ्यायची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे.

दरम्यान आम्ही दोघं एक वही करतोय. डावीकडे मराठी शाळेतला शब्द, उजवीकडे कॉलेजातला. मापन, गती, उष्णता झालं. प्रकाश आणि वीज राहिलंय, त्यातले बरेच शब्द मी विसरलोय. ग्रुपमधल्या कुणाकडे मराठी माध्यमाचं आठवी ते दहावीचं शास्त्राचं जुनं पुस्तक असेल तर कृपया कळवा. निपाणी, चिक्कोडी, बेळगाव, कुठेही असो, मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि झेरॉक्स काढून परत आणून देईन.