पहिली फेरी

१७ ऑगस्ट २०२४, हरिहरेश्वर

शेजारच्या काकूंचा धाकटा मुंबईची नोकरी सोडून आला, तेव्हा गावात कुजबुज झाली. मासेमारीची बंदी १ जूनला लागते, ३१ जुलैला उठते. तेवढ्या अवधीत त्यानं जुनी बोट घेऊन डागडुजी केली. शाळकरी वयापासून बापाच्या बोटीवर वाढलेला हा पोर आता स्वतः तांडेल होणार. मला त्याचं मनापासून कौतुक वाटतं.

१८ ऑगस्ट

संध्याकाळी त्यांच्याकडे माणसांची रीघ. सल्ले देणारे पुष्कळ. खाडीची वाट जाणणाऱ्या आबांनी मात्र कागद मागवला, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि बाणकोट खाडीचं मुख काढलं. पावसाळ्यात सावित्री गाळ आणते, वाळूचे दांडे जागा बदलतात. "गेल्या सालची वाट यंदा धरू नको. भरतीलाच निघ, येतानाही भरतीच साध." दांड्यांवर दोन फुल्या मारून कागद त्याच्या खिशात घातला. निरोप द्यावा तर असा.

मी त्याला दिलीप दोंद्यांची गोष्ट सांगितली. १९ ऑगस्ट २००९ला ते 'म्हादेई' ही शिडाची बोट घेऊन मुंबईहून एकटेच पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि नऊ महिन्यांनी परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. उद्या बरोबर १५ वर्षं. त्यानं विचारलं, "एकटेच? मग झोपायचे कधी?" दर्यावर्द्याचाच प्रश्न!

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

श्रावणी सोमवारही. आधी कालभैरव, मग हरिहरेश्वर. दुपारी खाडीकाठच्या बागमांडल्याला पौर्णिमेचं उधाण. बोटीच्या नाळेला झेंडूचा हार, हळदकुंकू. सोनेरी कागदातला नारळ त्यानं दर्याला वाहिला.

२० ऑगस्ट

काकूंनी औक्षण करून हातावर दही दिलं. मग लाइफ जॅकेटं मोजली, एकाचा पट्टा ओढून पाहिला, आणि सगळ्या खलाशांपुरता नारळीभाताचा डबा चढवला. डोळे भरले होते. कुणीतरी म्हणालं, निघताना रडू नये. मला ते पटत नाही. आई रडली म्हणून कुणाचं पाऊल अडत नाही.

भरतीला बोट सुटली. आबांना मोटरसायकलवर मागे बसवून मी हरिहरेश्वरच्या टेकडीवर आणलं. खाडीच्या मुखाशी बोट दिसली. आबा कपाळावर हात धरून बघत राहिले आणि म्हणाले, "वळवली. बरोबर वळवली पोरानं."