माणशी एक पिशवी

निम्मा संसार बरोबर घेतल्यावाचून प्रवासास निघू नये, असा आमच्या घराण्याचा जुना प्रघात. गेल्या वैशाखात आम्ही अकरा मंडळी कोकण रेल्वेने मुंबईहून राजापुरास निघालो, तेव्हा वळकट्या व लाडवांचे डबे बाकांखाली मावेनात. उरलेले खिडकीशी रचले. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा संपला, रत्नागिरी मागे पडली, डब्यांच्या उतरंडीमागून आमच्या वृद्ध काकू विचारीतच होत्या, "पानवलचा पूल आला का रे?" ६४ मीटर उंचीचा तो पूल केव्हाच निघून गेला होता. तरुणपणी आगबोटीने माहेरी जाणाऱ्या काकूंची ही पहिलीच रेल्वेवारी. आम्ही खजील झालो.

परतताना माणशी एकच पिशवी ठेविली. बाकीची बोचकी मागाहून येणाऱ्या भाच्याच्या गळ्यात घातली. (तो अद्याप रुसलेला आहे.) वाचकांनी या मार्गावर दिवसाची गाडी मिळत असता रात्रीची धरू नये, आणि वातानुकूलित डब्यात वडील माणसांस एक पातळ शाल अवश्य द्यावी. सुती नऊवारीवर ती शोभतेही. काकूंना खिडकीशी बसविले. पुलावर गाडी येताच त्यांनी खालच्या दरीकडे पाहून हात जोडले, आणि रत्नागिरी येईतो त्या कोणाशी बोलल्या नाहीत.