अंगणातला लाल डाग

गेल्या वैशाखातली गोष्ट. आदल्या दिवशी सारवलेल्या अंगणात सकाळी सकाळी आमच्या सौ.चा आवाज चढला. "पान खाऊन अंगणात थुंकायची ही कुठली रीत?" मी पान खातो हे खरे, पण अंगणात थुंकत नाही. जाऊन पाहिले तर चिंचेखाली जीप उभी असते तिथे रुपयाएवढा लाल डाग. बोट लावले, वास घेतला. तेल होते. स्टिअरिंगचे तेल पुष्कळ गाड्यांत असेच लाल असते. माझ्यावरचा आळ गेला आणि त्या आनंदात मी डागाचा विचारच केला नाही.

निडीला आमचे घर आहे. मुलगा धाटावच्या कारखान्यात पाळीवर जातो, माझा उजवा खांदा धरलेला, म्हणून जीप चालवते ती सूनबाई. भात भरडायला नेणे, वालाची पोती पोचवणे, मुलांना रोह्याला शाळेत सोडणे, सगळे तिच्याकडे. जीप पंधरा वर्षांची आहे. तिला पॉवर स्टिअरिंग आहे. म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर एक लहानसा पंप फिरतो, तो तेलाला दाब देतो आणि त्या दाबामुळे जड चाक हलक्या हाताने वळते.

सूनबाई दोनदा म्हणाली, "बाबा, सकाळी गाडी काढताना स्टिअरिंग घूं घूं करतं आणि मध्येच जड होतं."

मी म्हणालो, "अगं, जुनी गाडी आहे. हात बसला की हलकं लागेल."

वास्तविक हात तिचाच बसलेला होता. गाडी रोज तीच चालवत होती; मी नुसता शेजारी बसत होतो. पण सांगणारी सून आणि ऐकणारा सासरा असला की कान थोडे जड होतात, हे कबूल केले पाहिजे.

उपाय म्हणून मी काय केले? डबीतले तेल कमी झाले की ओतत गेलो. एकदा घरात तेल नव्हते, ब्रेक ऑइलची उरलेली बाटली होती, तीच ओतली. तेलच ते, असे म्हणालो. एक पाइप टोकाशी ओला दिसला, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून तारेने आवळली. पुढे पाऊस लागला. डाग पाण्याबरोबर वाहून जाऊ लागले. डाग दिसत नाही म्हणजे गळती थांबली, असे मी धरून चाललो.

माझे आजोळ पेणच्या खारेपाटातले. मामा बांधावरून चालताना खेकड्याचे बीळ दिसले की पुढे जात नसत. तिथेच बसून चिखलाचा गोळा दाबत. आज बीळ, उधाणाला खांड, असे त्यांचे म्हणणे. हे लहानपणापासून ऐकलेला मी, आणि गाडीच्या बाबतीत मात्र तीन महिने बिळाकडे बघत बसलो.

गणपतीच्या आदल्या दिवशी आम्ही मूर्ती आणायला पेणला गेलो. आमच्याकडे मूर्ती पेणचीच असते. मूर्तीच्या तोंडावर रुमाल, पाट माझ्या मांडीवर, मागे दोन्ही नातवंडे. वडखळपासून खड्डे चुकवत नागोठण्यापर्यंत आलो. तिथून रोह्याच्या रस्त्याला लागल्यावर एका वळणावर पुढच्या झाकणाखाली 'फट्' असा आवाज झाला. क्षणात जळक्या तेलाचा वास आणि पांढरा धूर. सूनबाईने दोन्ही हातांनी चाक ओढलेले मी पाहिले. समोरून एस.टी. येत होती. मी तोंडाने देवाचे नाव घेत होतो आणि हातांनी पाट घट्ट धरून होतो. कसलीच मदत करू शकत नव्हतो. तिने वेग कमी केला, चाक सारे बळ लावून डावीकडे घेतले, गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली आणि मग इंजिन बंद केले. मुलांना खाली उतरवून लांब उभे केले. हे सगळे होईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. त्यानंतरही बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागले.

गणपती मिनीडोरमधून घरी आले.

दीड दिवसाचे विसर्जन झाल्यावर नागोठण्याहून मेस्त्री आला. तरुण पोरगा, पण हाताला समज. त्याने आधी डबीचे झाकण काढून वास घेतला आणि विचारले, "काका, यात काय काय ओतलंत?" मी सांगितले. तो हसला नाही. म्हणाला, ब्रेकच्या तेलाने या कामाचे रबर फुगते आणि मऊ पडते. या तेलाचे ब्रेकमध्ये गेले तर तिथले रबर बिघडते. माझ्या सायकल ट्यूबच्या पट्टीखालचा पाइप त्याने दाबून दाखवला. भिजलेल्या पावासारखा झाला होता.

मग त्याने जे समजावले ते ज्यांच्याकडे अशी जुनी गाडी किंवा पॉवर स्टिअरिंगचा ट्रॅक्टर आहे त्यांच्या उपयोगाचे आहे. या कामात मुख्य पाइप दोन. एक परतीचा: त्यातून तेल सावकाश डबीत परत येते, दाब थोडा, टोकांना साध्या क्लिपा. त्याचे टोक कडक होऊन चिरले आणि लांबी पुरत असली, तर चिरलेला भाग कापून नव्या क्लिपने बसवता येतो. नाहीतर तेलाला टिकणारा नवा पाइप घालायचा. शेतातल्या पंपाचा किंवा नळाचा तुकडा चालत नाही. हे काम घरी होण्यासारखे आहे.

दुसरा दाबाचा पाइप. त्याच्या टोकांना लोखंडी नळ्या मशीनवर दाबून बसवलेल्या असतात. गाडीच्या टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला साधारण दोन किलो दाब असतो. या पाइपात चाक पूर्ण वळवताना तो सत्तर, शंभर किलोपर्यंत जातो. त्याला पट्टी नाही, क्लिप नाही, चिकटवण नाही. बदलायचाच. नवा मिळाला तर उत्तम, नाहीतर जेसीबीचे पाइप करणाऱ्याकडून जुन्या मापाचा करून घ्यायचा. मात्र तो तेवढ्या दाबाचा, उष्णतेचा आणि त्याच तेलाला चालणारा हवा. जोडाच्या बोल्टखालचे तांब्याचे वायसर आणि रबरी रिंगा प्रत्येक वेळी नव्या.

आमचा फुटला तो हाच. त्याला धरून ठेवणारी पट्टी केव्हाच तुटली होती. पाइप खाली लोंबून सायलेन्सरच्या नळीजवळ गेला आणि एका कडेवर घासत राहिला. तेल त्या तापलेल्या नळीवर पडले म्हणून धूर. पेट घेतला नाही हे नशीब, असे मेस्त्री म्हणाला. मला मांडीवरचा पाट आठवला, आणि मागची दोन पोरे.

गळती शोधायची त्याची रीतही सांगतो. आधी सगळे धुऊन कोरडे पुसायचे, कारण तेल ओघळते आणि वाऱ्याने मागे उडते. जिथे ठिपका पडतो तिथेच गळते असे नसते. खाली जुने वर्तमानपत्र पसरायचे. एकाने इंजिन चालू करून चाक सावकाश फिरवायचे, दुसऱ्याने बॅटरीच्या उजेडात लांबून बघायचे. ओल्यातली सर्वांत वरची जागा तीच गळतीची. इंजिन चालू असताना पाइपावरून बोट मात्र फिरवायचे नाही. सुईएवढ्या भोकातून दाबाचे तेल कातडीत घुसते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, पण आत हात सडू शकतो. असे झाले तर न थांबता मोठ्या दवाखान्यात जायचे आणि तेल आत गेले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचे.

हे दाबाचे तेल चाक वळवायला जुंपले ते फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन इंजिनियरने, 1926च्या सुमारास. तो आधी ट्रकच्या कारखान्यात होता आणि जड चाकाशी झटणारे ड्रायव्हर त्याने पाहिले होते. विकत मिळणाऱ्या मोटारीत ही सोय आली ती 1951मध्ये. आता पुष्कळ नव्या लहान गाड्यांत विजेची मोटर चाक वळवते. तिथे ना पंप, ना पाइप, ना डाग. आमच्यासारख्यांच्या जुन्या गाड्या मात्र तेलावरच चालणार.

नवे पाइप बसले, जुने तेल धुऊन काढले. मग पुढची चाके जॅकवर उचलून खाली भक्कम आधार दिला. इंजिन बंद ठेवून सूनबाईने चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस वेळा सावकाश फिरवले. मी डबीत तेल घालत होतो. बुडबुडे यायचे थांबले तेव्हा इंजिन चालू केले. चाक टोकाला नेऊन दाबून धरू नका, असे मेस्त्रीने सांगितले. तिथे दाब सगळ्यात जास्त असतो.

तीच वेळ साधून मी तिला विचारले, "त्या दिवशी इंजिन आधीच का नाही बंद केलंस?"

"चालत्या गाडीत बंद केलं असतं तर ब्रेकपण जड झाला असता, बाबा," ती म्हणाली. "स्टिअरिंग जड झालं तरी वळत होतं. ते मला माहीत होतं. गेले तीन महिने अधूनमधून जडच चालवत होते ना मी."

यावर मी काय बोलणार? डबीत तेल घालत राहिलो.

आता दर रविवारी जीपखाली वर्तमानपत्र पसरले जाते आणि सोमवारी सकाळी ते सूनबाई बघते. परवा कागद कोरा होता, पण शेजारी अंगणात एक लाल ठिपका पडलेला. तिने खाली वाकून पाहिले, सासूकडे पाहिले आणि काही न बोलता दोघीही माझ्याकडे पाहू लागल्या. या वेळी मात्र ते तेल नव्हते.