पुढचे दोन, मागचे दोन

कानडीत चाकाला 'गालि' म्हणतात आणि हवेला 'गाळि'. हिंदीत 'गाली' म्हणजे शिवी. इंदूरला मामांच्या टायरच्या दुकानात उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने बसल्यावर माझी खात्री झाली आहे की, या तिन्ही वस्तूंवाचून तो धंदा चालत नाही. पहिल्या दोन दुकानदार पुरवतो; तिसरी गिऱ्हाईक घरून घेऊन येते. हा विनोद मी तिथे कुणाला सांगू शकले नाही, कारण इंदूरच्या मराठी माणसाला कानडी येत नाही. आपल्या अंकाच्या दोन्ही विभागांतले वाचक मात्र तो पुरा समजू शकतील, म्हणून आधी तो सांगून मोकळी होते.

आता मुख्य विषयाकडे. बेळगावात मराठी शाळेत शिकलेल्या आणि बी.कॉम.च्या वर्गात घसारा व साठा-मूल्यांकन घोकणाऱ्या मुलीला मोटारीच्या टायरबद्दल लिहिण्याचा अधिकार काय, असे कुणी विचारील. अधिकार एवढाच की मामांनी मला हिशेबाच्या वहीवर बसवले होते आणि त्या वहीत एका वादाची नोंद माझ्या अक्षरात आहे. वाद असा: मोटारीला चारही चाके सारखी असावीत, की पुढची अरुंद आणि मागची रुंद?

प्रश्न वाटतो तितका नवा नाही. माळव्याच्या काळ्या मातीत चालणारा कुठलाही ट्रॅक्टर पाहा. पुढचा टायर बहुधा ६.००-१६ मापाचा, मागचा १३.६-२८ मापाचा, म्हणजे पुढे पोर आणि मागे पहिलवान. ओढायचे काम मागच्या चाकांचे, वळायचे काम पुढच्यांचे, आणि ज्याचे जसे काम तसे त्याचे माप. ट्रॅक्टरला कुणी 'स्टायलिश' म्हणत नाही. हीच गोष्ट मोटारीत थोड्या प्रमाणात केली की मात्र तरुण मुले मान वळवून पाहतात.

मोटारीतले माझे आवडते उदाहरण टाटांच्या नॅनोचे आहे. २००८ साली दिल्लीच्या प्रदर्शनात दाखवलेली, २००९ साली बाजारात आलेली आणि पुढे दहा वर्षांच्या आतच उत्पादन थांबलेली ही 'लाखाची गाडी'. तिचे पुढचे टायर १३५/७० आर १२ आणि मागचे १५५/६५ आर १२ होते. पै-पै वाचवून केलेल्या या गाडीत दोन वेगळ्या मापांचे टायर ठेवण्याची चैन कशासाठी? कारण तिचे ६२४ सी.सी.चे इंजिन मागे होते. वजन मागे, जोर मागे, म्हणून रुंदीही मागे. पोर्शे ९११ या महागड्या जर्मन गाडीतही इंजिन मागे आणि टायर मागे रुंद. जगातली सर्वांत स्वस्त म्हणून गाजलेली गाडी आणि श्रीमंतांची गाडी, दोघींनी एकच नियम पाळला. हे मला कुणी वर्गात सांगितले असते तर मी विज्ञान शाखेला गेले असते. (आईला हे वाक्य दाखवू नये.)

टायरवरचे आकडे वाचायला मामांनी पहिल्याच दिवशी शिकवले. २२५/४५ आर १८ म्हणजे रुंदी २२५ मिलिमीटर, टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ४५ टक्के, आणि रिमचा व्यास १८ इंच. मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तीन मापे एका ओळीत सुखाने नांदतात. आमच्या घरातल्या भाषांसारखीच.

दुकान एबी रोडवर आहे. येणाऱ्यांत निम्मे तरी लहान मोटारींचे मालक. एके दिवशी एक तरुण आला आणि म्हणाला, "भिया, पीछे चौड़े डाल दो, पीछे से भरी हुई दिखनी चाहिए." त्याची गाडी पुढच्या चाकांवर चालणारी होती. अशा गाडीत ओढणे पुढच्या चाकांकडे, वळणे पुढच्यांकडे, ब्रेकचा मोठा भारही पुढच्यांवर. मागची चाके नुसती वरातीमागून चालतात. तिला मागे रुंद टायर बसवणे म्हणजे नवरदेवाला पायी चालवून वऱ्हाड्याला घोड्यावर बसवणे. मामांनी नाही म्हटले. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कंपनीने दिलेल्या तपशिलाशी विसंगत असे बदल गाडीत करता येत नाहीत, हेही त्यांनी समजावले. तो तरुण तिसरी वस्तू दुकानात ठेवून निघून गेला आणि बहुधा दुसरीकडे चार रुंद रिमा घेऊन आला असेल. त्या दिवशी विक्रीच्या रकान्यात मी शून्य लिहिले. मामी म्हणाल्या, "अशानं दुकान चालायचं नाही." मामा काही बोलले नाहीत. मला दोघांचेही पटत होते.

खरा वाद पेटला तो घरातच. माझ्या मामेभावाने, दादाने, चार वर्षांच्या पगारातून साठवलेले पैसे घालून एक जुनी जर्मन मोटार घेतली. इंजिन पुढे, पण जोर मागच्या चाकांवर. पुढचे टायर २२५/४५ आर १८, मागचे २५५/४० आर १८. मागचे दोन्ही गुळगुळीत झालेले, पुढचेही उतरणीला लागलेले. दादाला मागे पुन्हा २५५ च हवे होते, कारण गाडीचे रूप त्यातच आहे असे त्याचे म्हणणे. मामा म्हणत होते, चारही २२५ चे कर. घरात पैसे तेवढेच होते. वर श्रावणात मामींना ओंकारेश्वरला याच गाडीतून जायचे होते, म्हणजे पावसात भेरूघाटाची वळणे आली.

दादाची बाजू हलकी नव्हती. वळणावर पुढच्या चाकांची पकड आधी सुटली तर गाडी वळायच्या ऐवजी सरळ बाहेरच्या अंगाला सरकते. घाबरलेला माणूस आपसूक ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो, वेग उतरतो, आणि गाडी बहुधा पुन्हा ताब्यात येते. मागच्या चाकांची पकड आधी सुटली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि तिला सावरायला कसलेला हात लागतो. म्हणून ज्या गाडीत मागच्या चाकांना ढकलणे आणि धरणे ही दोन्ही कामे आहेत, तिथे मागची पकड वाढवलेली बरी. याच कारणासाठी, दोनच नवे टायर घेतले तर ते मागे बसवावेत असे टायर कंपन्या सांगतात. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी! हे पटवताना दुकानात रोज अर्धा तास जातो.

मामांचा मुद्दा असा, की चार सारखे असले तर पुढचे मागे, मागचे पुढे असे फिरवता येतात आणि "रबर वाचतं". मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू कॉमर्सची ना? मांड हिशेब."

मी मांडला. समजा, मागचा टायर २५ हजार किलोमीटर टिकतो आणि पुढचा ५० हजार. एक लाख किलोमीटरमध्ये मागे चार जोड्या म्हणजे ८ टायर लागतील, पुढे दोन जोड्या म्हणजे ४. एकूण १२. आता चारही सारखे घेऊन नियमाने फिरवले, तर झीज चौघांत वाटली जाऊन प्रत्येक टायर सुमारे ३३ हजार टिकेल. म्हणजे लाखात तीन संच, एकूण पुन्हा १२. मामांनी वही हातात घेतली, चष्मा लावला, दोनदा बेरीज केली. १२ ते १२ च. टायर फिरवल्याने झीज कमी होत नाही, ती फक्त समान वाटली जाते. घसाऱ्याची पद्धत बदलली म्हणून यंत्र जास्त चालत नाही, तसेच हे.

दादाचा चेहरा उजळला. पण हिशेब तिथे संपत नव्हता. त्या बारांपैकी आठ टायर दादाच्या पद्धतीत २५५ चे, म्हणजे महाग मापाचे. शिवाय २२५/४५ आर १८ आमच्या मांडणीवर कायम असतो. २५५/४० आर १८ मुंबईहून मागवावा लागतो आणि तोवर गाडी उभी. गाडी उभी राहण्याचाही खर्च असतो, तो कुठल्याच बिलात दिसत नाही. या गाडीत स्टेपनीही नव्हती. (टायर दुरुस्तीचे साहित्य आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल तर स्टेपनीविना मोटारी विकायला आपल्या सरकारने ऑक्टोबर २०२० पासून मुभा दिली आहे, परदेशात ही रीत आधीपासूनची.)

उलट्या रकान्यातही एक मोठी रक्कम होती. दादाच्या मागच्या रिमा पुढच्यांपेक्षा अर्धा इंच रुंद होत्या. रिमा वेगळ्या राहिल्या तर टायर सारखे असूनही चाके सरळ अदलाबदल करता येत नाहीत. प्रत्येक वेळी टायर रिमवरून उतरवून चढवावा लागणार. म्हणजे मामांचा मार्ग खऱ्या अर्थाने घ्यायचा तर दोन रिमा नव्याने घेणे आले. त्या रिमांची किंमत टायरमधल्या फरकातून किती किलोमीटरनंतर भरून निघेल, तो आमचा समच्छेद बिंदू. कंपनीच्या नव्या रिमांच्या भावात तो इतका दूर गेला, की तोवर गाडीच विकली गेली असती.

पैशाचा हिशेब असा अडला, तेव्हा मामा उठले आणि त्यांनी गाडीचे दार उघडून चौकटीवरचे लेबल वाचले. त्यावर दोन्ही मांडण्या छापलेल्या होत्या: पुढे २२५ व मागे २५५, किंवा चारही २२५. म्हणजे ज्या अभियंत्यांनी मागची रुंदी दिली त्यांनीच समान मापालाही संमती दिली होती. इथे मला नॅनोपेक्षा वेगळी गोष्ट दिसली. तिथे रुंदी वजनाने मागितली होती. इथे ती निम्मी गरज आणि निम्मा शृंगार होती. दोन्ही मापांच्या व्यासात फरक किती? मी काढला: ६५९.७ आणि ६६१.२ मिलिमीटर, म्हणजे अवघा दीड मिलिमीटर. हा मेळ मुद्दाम ठेवलेला असतो. ब्रेक लावताना चाक घसरू न देणारी यंत्रणा चारही चाकांचा वेग ताडून पाहते. व्यासात मोठी तफावत पडली तर ती फसते. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत तर अशा तफावतीने आतले दातेही झिजतात. म्हणूनच मनाला येईल ते माप चढवणारे गिऱ्हाईक मामांना नको असते.

दुकानापासून तासाभराच्या अंतरावर पीथमपूरला मोटारींच्या चाचणीचा ११.३ किलोमीटर लांबीचा गोल मार्ग आहे, जून २०२१ मध्ये सुरू झालेला. त्याच पट्ट्यात खेडा इथे ब्रिजस्टोनचा टायर कारखाना आहे. टायर जिथे बनतो आणि गाडी जिथे तपासली जाते, त्या दोन्ही जागा इतक्या जवळ असून आमच्या गिऱ्हाइकाचा निर्णय शेजारच्या मुलाच्या गाडीकडे पाहून होतो, याचे मला राहून राहून नवल वाटते.

असो. तोडगा दादानेच काढला. मुंबईला कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात त्याच गाडीच्या दोन अस्सल, पुढच्या मापाच्या रिमा नव्याच्या किमतीपेक्षा पुष्कळ कमी दरात मिळाल्या. मी समच्छेद बिंदू पुन्हा काढला. तो दादा गाडी जितकी वर्षे ठेवीन म्हणत होता त्याच्या आत आला. रिमा सरळ आहेत ना, तडा नाही ना, हे मामांनी यंत्रावर फिरवून पाहिले. सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर उतरला आहे, त्याचाही हातभार लागला. चारही नवे २२५ चढले.

गाडी मागून आता थोडी बारीक दिसते, हे खरेच आहे. दादा ती उभी करताना पाठ भिंतीकडे करून उभी करतो. मी बेळगावला परतले तेव्हा काढलेल्या दोन रुंद रिमा दुकानात खिळ्याला टांगलेल्या होत्या. मामा त्यांना किमतीची चिठ्ठी लावायला सांगत होते आणि दादा रोज उद्यावर ढकलत होता. साठ्याच्या वहीत त्यांच्यापुढचा रकाना मी रिकामा ठेवून आले आहे.