डावखुऱ्या हाताची रायफल

आमची नात डावखुरी. इंदूरच्या क्लबात सरावाला मिळते ती एअर रायफल उजव्या हाताची, म्हणून तिची स्वतःची घ्यायचे ठरले. मग लाकडी दस्ता की अ‍ॅल्युमिनियमचा, यावर घरात आठवडाभर चर्चासत्र! लाकडी देखणा, हाताला ऊबदार. पण त्याची मूठ एकाच हातासाठी घडवलेली. अ‍ॅल्युमिनियमवर मूठ बदलता येते, गालपट्टी वरखाली होते, खांद्याचा भाग मागेपुढे सरकतो. तेरा वर्षांच्या वाढत्या मुलीला हे फार सोयीचे. नियमाने वजन ५.५ किलोपर्यंत चालते. तिच्या पाठीला चार किलोच पुरे. १० मीटरवर दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. तिथे दस्ता अंगाला बसणे नळीइतकेच महत्त्वाचे, असे माझे मत. (सूनबाईंचे लक्ष किमतीकडे, तेही रास्तच.)

दुकानदाराकडे उजवी तयार होती, डावीला तीन महिने. राज्यस्पर्धा दोन महिन्यांवर.

"आजोबा, डावीच सांगा. स्पर्धा पुढच्या वर्षी खेळीन," ती म्हणाली.

मी आगाऊ रक्कम भरली. परतताना सराफ्यात थांबलो. तिने दोन प्लेट गराडू संपवले.