ब्रह्मदंडीची ओळख

संस्कृत शिकलेल्या माणसास शब्दांचा मोह फार. एका वनस्पतीची चार पर्यायी नावे मुखोद्गत झाली की ती वनस्पतीच ओळखीची झाली, असे त्यास वाटू लागते. हा मोह प्रसंगी किती घातक ठरेल, हे ब्रह्मदंडीच्या उदाहरणावरून वाचकांपुढे मांडावे, असा आमचा मानस आहे.

पावसाळा ओसरला की नाशिकच्या आसपासच्या मुरमाड माळांवर ब्रह्मदंडी फुलते. झाड ताठ व बहुशाख. पाने बिनदेठाची, लांबट, कडांना बारीक काटेरी दाते असलेली. प्रत्येक फांदीच्या टोकास फिकट जांभळा गोंडा असतो. गोंड्याखाली सुतासारख्या बारीक हिरव्या खवल्यांची दाटी असून त्यांची टोके बाहेर वळलेली असतात. हीच तिची खरी खूण. शास्त्रज्ञ तिला ‘ट्रायकोलेपिस ग्लॅबरिमा’ म्हणतात. पैकी पहिले पद ग्रीक असून, आपल्या बहुव्रीहीप्रमाणे, ‘केसांसारखे खवले आहेत जिला ती’ असा त्याचा अर्थ होतो. दुसरे पद लॅटिन. त्याचा अर्थ ‘अत्यंत निर्लोम’. वरवर हा विरोध भासतो. परंतु खवले केसांसारखे आणि अंग मात्र गुळगुळीत, असे झाड एकदा पाहिले की तो आपोआप मिटतो. आपल्या शेतातील करडई ही हिची जवळची नातलग. युरोपच्या कुरणांतील सेंटॉरियाची रानफुलेही त्याच कुळातील.

घोटाळा होतो तो नावाचा. ज्या उटकटारीस निळसर पांढऱ्या फुलांचे काटेरी चेंडू येतात, तिलाही कोणी ब्रह्मदंडी म्हणतात. याहून विपरीत असे की, देशाच्या कित्येक भागांत पिवळ्या धोत्र्यासही हेच नाव आहे. हा धोत्रा मूळचा अमेरिका खंडातला. युरोपीय लोक त्या खंडात पोहोचल्यानंतरच तो इकडे येऊ शकला. अर्थात आपल्या प्राचीन ग्रंथकारांनी तो पाहिलेला असणे संभवत नाही. त्याचे बी मोहरीसारखे दिसते व विषारी असते. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात या बियांच्या तेलाची भेसळ होऊन साठाहून अधिक माणसे दगावली.

दोन वर्षांमागे शेजारच्या घरी एका वृद्ध गृहस्थांसाठी कोणी ‘ब्रह्मदंडी’ म्हणून वाळलेल्या झाडांची जुडी आणून दिली. काढा करण्याची तयारी झाली होती. आमच्या सूनबाई सहज तेथे गेल्या होत्या, त्यांनी जुडी पाहिली आणि ती तशीच आमच्याकडे आणून म्हणाल्या, “मामंजी, यांना तर काटेरी बोंडे आहेत. गोंडे कुठे आहेत?” बोंड फोडून पाहिले, तो आत काळे बारीक बी. पिवळा धोत्राच तो! सूनबाईंना निघंटूतील एकही श्लोक येत नाही. परंतु त्यांचे डोळे उघडे होते.

घरातील मुलांनाही अशीच दृष्टी यावी, म्हणून आम्ही ब्रह्मदंडी अंगणात लावण्याचे ठरविले. पौषात माळावरील वाळलेले गोंडे आणून बी झाडून ठेवले. मृगाचा पाऊस पडल्यावर अर्धे बी शेणखत घातलेल्या वाफ्यात, तर अर्धे कुंपणालगतच्या मुरमात टाकले. वाफ्यातील रोपे भराभर वाढली आणि भाद्रपदातील पावसात लोळली. मुरमातील रोपे किरकोळ दिसत, तथापि ताठ उभी राहिली. कार्तिकात त्यांनाच फुले आली. माळावरच्या झाडास माळाचीच माती मानवते, हा धडा नातवंडे न शिकविता शिकली.

शेजारीच मुद्दाम करडईचे दोन दाणे लावले होते. दोहोंचे गोंडे हाती देऊन आम्ही मुलांना साम्य व भेद विचारतो. एकीचा गोंडा पिवळा-केशरी व खवले रुंद, काटेरी. दुसरीचा जांभळा व खवले केसांसारखे. सात वर्षांची नात आता ही उत्तरे झटकन देते.

वाचकांस आमची एवढीच विनंती आहे की, कोणतीही वनौषधी केवळ नावावरून घरात घेऊ नये. तिचे पान, फूल व फळ पाहावे, वनस्पती ओळखणाऱ्या जाणकारास दाखवावे आणि वैद्यांच्या सल्ल्यावाचून पोटात घेऊ नये. नाव पूर्वजांनी दिले खरे. ते कोणत्या झाडास दिले, हे मात्र ज्याचे त्याने डोळ्यांनी पाहून घ्यावे लागते.